मधल्याची चार पाने, थोरलीची एक ओळ

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: "मी पिंपरी-चिंचवडला राहते आणि एका खासगी कंपनीत लेखा विभागात काम करते. मला तीन मुलं. थोरली नऊ वर्षांची, चौथीत आहे. मधला मुलगा नुकताच चार वर्षांचा झाला, छोट्या गटात जातो. धाकटी मुलगी दहा आठवड्यांची; सिझेरियन झालं. मधल्यानं घर डोक्यावर घेतलं आहे. वर्षभर कोरडा झोपणारा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करतो, बोबडं बोलतो, दुधाची बाटली मागतो. मालिशवाल्या मावशी बाळाला चोळत असल्या की दाराशी उभा राहून 'मलाही तेल' म्हणतो. दोनदा त्यानं बाळाच्या मांडीला चिमटा काढला, दोन्ही वेळा संध्याकाळी सातच्या सुमारास. दहाव्या आठवड्याची लस टोचताना बाळ किंचाळलं, तर हा खुदकन हसला. तेव्हा मला त्याचा इतका राग आला की माझीच मला भीती वाटली. सासूबाई घरचं सगळं बघतात, 'आता तू दादा झालास' असं त्याला दहा वेळा समजावतात, पण उपयोग नाही. मिस्टर रात्री साडेआठला येतात. थोरलीचा काहीच त्रास नाही; ती इतकी समजूतदार आहे की रात्री बाळ रडलं तर माझ्याआधी तीच उठते, खो-खोचा सरावही तिनं स्वतःहून बंद केला. माझी १२ आठवड्यांची रजा संपत आली आहे. हक्काची रजा जोडून अजून महिनाभर घरी आहे. मधल्याला बाळाचा लळा कसा लावू? रात्री सगळे झोपले की मला रडू येतं. मी कुणालाच पुरी पडत नाही."

ताई,

तुमचे मूळ पत्र चार पानांचे आहे आणि ते मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तुमच्याबरोबर मीही मधल्याच्या मागे धावले; दुसऱ्या वाचनात मात्र थोरलीच्या त्या एका ओळीपाशी थांबले. चार पानांत तिच्या वाट्याला तेवढीच ओळ आली आहे. तिच्याकडे मी येणारच आहे, किंबहुना या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते. पण घरात ज्याचा आरडाओरडा चालू आहे त्याला आधी हात घातल्याशिवाय तुम्हाला पुढचे काही ऐकू येणार नाही, हे मला कळते.

मधल्याला बाळाचा लळा कसा लावू, असे तुम्ही विचारता. माझे उत्तर असे की त्या खटपटीत पडूच नका. लळा ज्याचा त्याने लावायचा असतो, तिसऱ्याच्या मध्यस्थीने तो लागत नाही. तुमची धाकटी आज दूध पिते, झोपते, रडते आणि अधूनमधून तोंडभर हसते. चौथ्या महिन्याच्या आसपास ती आवाज काढून खिदळू लागेल, आणि तिच्यापुढे माकडचेष्टा करणाऱ्या भावासारखा विदूषक तिला घरात दुसरा मिळणार नाही. ते काम तिच्यावर सोडा. तोपर्यंत त्याला बाळ आवडले नाही तरी चालेल, एवढी सूट त्याला द्या आणि स्वतःलाही द्या. बाळाला इजा करायची नाही, हा एकच नियम घरात असावा. त्यापलीकडे त्याच्या मनात काय असावे याचे फर्मान कोणी काढू नये.

आता जरा त्याच्या उंचीवरून हे घर पाहू. तान्हे बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पिते. दहा वेळा आणि प्रत्येक वेळी अर्धा तास धरला तरी पाच तास होतात. त्यात ढेकर काढणे, दुपटे-लंगोट बदलणे आणि पुन्हा निजवणे मिळवले की जी मांडी कालपर्यंत त्याची होती, ती दिवसाचा मोठा भाग अडलेली असते. शिवाय तुमचे सिझेरियन झाले. बाळापेक्षा जड काही उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी पहिल्या काही आठवड्यांसाठी सांगितले असणार, आणि चार वर्षांचा मुलगा पंधरा-सोळा किलोचा भरतो. म्हणजे बाळ घरात आले त्याच दिवसापासून 'उचलून घे' या मागणीला नकार सुरू झाला. टाके त्याला दिसत नाहीत. तिला उचलतात आणि मला उचलत नाहीत, एवढेच त्याला दिसते, आणि त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा असला तरी बिनबुडाचा म्हणता येणार नाही. आता दहा आठवडे झाले आहेत, तेव्हा डॉक्टरांना विचारून घ्या. त्यांनी अजून थांबायला सांगितले तरी सतरंजीवर बसून त्याला मांडीवर ओढून घेण्याला कोणाची हरकत असणार नाही. मुलाला 'उचलून घे' म्हणताना उंचीची हौस नसते, छातीशी धरले जायचे असते.

लसीच्या वेळचे ते हसणे तुम्ही फार मनाला लावून घेतले आहे. त्याच वासाच्या दवाखान्यात त्याला स्वतःलाही सुया टोचल्या आहेत, आणि नर्सने बाळाची मांडी पुसेपर्यंत आज पाळी कोणाची आहे याची त्याला खात्री नसावी. ती आपली नव्हती हे कळल्यावर सुटलेला श्वास हसू होऊन बाहेर पडला, असे मला वाटते. मयताच्या घरी ऐन गंभीर क्षणी चांगल्या प्रौढ माणसांनाही हसू फुटते, ते काही दुष्टपणाने नव्हे. पुढची लस चौदाव्या आठवड्याला असेल. त्याला बरोबर नेणार असाल तर रिक्षातच सांगून टाका की आज सुई बाळाला आहे, तुला नाही.

सासूबाई 'तू दादा झालास' हे वाक्य मायेनेच म्हणतात, त्यात शंका नाही. पण दादा झाल्यापासून त्या मुलाच्या पदरात काय पडले, ते पाहा. दादा झालास म्हणून हाताने जेव, दादा झालास म्हणून रडू नकोस, दादा झालास म्हणून आईला उठवू नकोस आणि दादा झालास म्हणून खेळणे देऊन टाक. पगार नाही, रजा नाही आणि राजीनामा देण्याची सोय नाही अशी ही नोकरी आहे, आणि तिच्यासाठी त्याने अर्जही केला नव्हता. या वाक्याला दोन-तीन महिने सुट्टी द्यावी आणि त्याला त्याच्या नावाने किंवा पूर्वीच्या लाडाच्या नावानेच हाक मारावी. हे सासूबाईंना कोणी सांगायचे, हा नाजूक प्रश्न आहे. तुम्ही सांगू नका. बाळंतीण सासूला शिकवू लागली असा त्याचा अर्थ निघेल आणि मूळ मुद्दा राहून मानापमानच सुरू होईल. हे त्यांच्या मुलाने सांगावे, आणि तेही जेवण झाल्यावर, दोघेच असताना सांगावे. ज्या बाईच्या बळावर या दिवसांत तुमचे घर उभे आहे, तिला मुलाच्या तोंडून आधी चार कौतुकाचे शब्द ऐकू आले तर पाचवा सुचवणीचा शब्द टोचणार नाही.

बाळ बघायला येणाऱ्या मंडळींना मात्र इतके सांभाळण्याचे कारण नाही. झबले-टोपडे आणि वाळे देऊन झाले की ही मंडळी मधल्याकडे वळतात आणि 'आता तुझे लाड संपले हं' किंवा 'बाळाला आम्ही घेऊन जातो, चालेल ना?' असे विचारतात. तो प्रामाणिकपणे 'घेऊन जा' म्हणतो, सगळे हसतात, आणि मग त्यांच्यातलेच कोणीतरी 'असं म्हणतात का बाळाला?' असे दटावते. विचारणारेही तेच आणि दटावणारेही तेच. यापुढे असे झाले तर त्याला जवळ ओढून 'आमच्या घरातून कोणीच कुठे जाणार नाही' असे सर्वांदेखत म्हणा. पाहुण्यांना थोडे लागले तर लागू द्या. चहाबरोबर ते गिळतील.

मालिशवाल्या मावशींना उद्यापासून आणखी एक काम सांगा. त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यावे लागले तरी द्या. बाळाचे न्हाणे झाले की पाटावर याला बसवायचे आणि पाच मिनिटे त्याच्याही पिंढऱ्यांना, तळपायांना तेल चोळायचे. हे सुचवले की पुष्कळ घरांत आधी हसतात. पण जो मुलगा रोज दाराशी उभा राहून स्वच्छ मराठीत आपले मागणे सांगतो आहे, त्याच्यासाठी मानसशास्त्राच्या पोथ्या उघडण्याची गरज नाही. तो तेल मागतो आहे, त्याला तेल द्यावे. तीच गोष्ट बाळंतिणीच्या लाडवांची. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू 'ते आईचे' म्हणून वरच्या फळीवर जातात. त्यातला अर्धा रोज तुमच्या हाताने त्याच्या हातावर पडू द्या.

बोबडे बोलणे आणि बाटली मागणे याला विरोध केला की ते चिघळते. बाळ व्हायचे असेल तर त्याला होऊ द्या. दुपट्यात गुंडाळा, हातपाय मावत नाहीत याचे आश्चर्य करा, 'कोणाचं गं हे एवढं मोठं बाळ' म्हणत मांडीवर झुलवा. दूध मात्र बाटलीने न देता वाटी-चमच्याने भरवा, कारण बाटली एकदा परत आली की ती सोडवणे हे वेगळेच काम होऊन बसते. बाळ होऊन राहणे फार कंटाळवाणे असते. दिवसभर पडून राहायचे, भेळ नाही, सायकल नाही आणि घसरगुंडीही नाही. आपण होऊन बाळ झालेली मुले थोड्या दिवसांत आपण होऊन उठतात. त्यांना ढकलून उठवले की मात्र पुन्हा आडवी होतात.

तुम्ही दूध पाजायला जिथे बसता तिथे खिळ्याला एक कापडी पिशवी टांगून ठेवा. चित्रांचे पुस्तक, खडू, जुन्या किल्ल्यांचा जुडगा, झाकणे घट्ट बसणाऱ्या दोन-तीन डब्या असे काहीही तिच्यात चालेल. नियम एवढाच, की पिशवी बाळ दुधाला लागल्यावरच उघडायची आणि ती उघडण्याचा मान त्याचा. आज बाळ दुधाला लागले की त्याचे काहीतरी काढून घेतले जाते. त्याऐवजी त्याच वेळी त्याचे काहीतरी सुरू होते, हा उलटा हिशेब त्याच्या डोक्यात बसायला आठ-पंधरा दिवस जातील. पाजताना तुमचा एक हात मोकळा असतो, तो त्याच्या पाठीवर राहिला तर पिशवीत काय आहे याला फारसे महत्त्वही उरणार नाही. याशिवाय दिवसातून पंधरा मिनिटे निव्वळ त्याची ठेवा. त्या वेळी बाळ आजीच्या मांडीवर असावे, मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा आणि खेळ तो म्हणेल तोच खेळावा. अर्ध्या तासाचे वचन देऊन तिसऱ्या दिवशी ते मोडण्यापेक्षा दहा मिनिटांचे वचन देऊन ते पाळलेले बरे.

चिमट्यांची वेळ तुम्हीच लिहिली आहे, पण तिचा अर्थ लावलेला नाही. संध्याकाळी सात ही त्याची भुकेची आणि पेंगुळण्याची वेळ आहे, बाळाचीही किरकिरीची वेळ आहे, कुकरच्या शिट्ट्या चालू असतात आणि बाबा यायला अजून दीड तास असतो. साडेसहालाच त्याला वरणभात भरवून टाका, सर्वांच्या पंगतीची वाट पाहू नका. आणि काही झाले तरी त्याला बाळापाशी एकटे सोडायचे नाही, अगदी दार उघडायला उठतानाही नाही. हा अविश्वास नव्हे. पेटत्या गॅसपाशी आपण त्याला सोडत नाही, तितकीच ही साधी गोष्ट आहे. हात उठला की तो शांतपणे धरा, 'बाळाला दुखतं, म्हणून मी तुझा हात धरते आहे' एवढेच म्हणा, आणि त्याला लांब न ढकलता जवळ बसवा. 'सॉरी म्हण, पापी दे' हे टाळा. सक्तीने घेतलेल्या पापीत दात लागतात. 'मला बाळाचा कंटाळा आला' हे वाक्य मात्र त्याला बिनदिक्कत म्हणू द्या. सासूबाईंना ते अभद्र वाटेल, पण तोंडाने बोलायची मुभा मिळाली की बोटांना कामाला लावण्याची गरज कमी होते.

अंथरूण ओले करण्याबद्दल थोडक्यात सांगते. घरात मोठा बदल झाला की कोरडे झोपणारे मूल पुन्हा काही काळ ओले करते, आणि या वयात ते बहुधा आपोआप थांबते. गादीवर मेणकापड घाला, झोपण्याआधी बाथरूमला न्या, सकाळी चादर गाजावाजा न करता बदला आणि 'ताई बघ कधी करत नाही' हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघू देऊ नका. मात्र लघवीला जळजळ, ताप, दिवसाही चड्डी ओली होणे, फार तहान लागणे किंवा शौचाला खडा होणे यातले काही असेल, तर तो हट्ट किंवा मत्सर नाही; बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बाईंनाही घरी बाळ आल्याचे आणि या सगळ्याचे कळवून ठेवा, म्हणजे शाळेत काही वेगळे दिसले तर त्याचा संदर्भ त्यांच्यापाशी असेल.

नोकरीबद्दल. मातृत्व लाभाच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती पहिल्या दोन मुलांपुरती. तिसऱ्या वेळी १२ आठवडेच मिळतात, जणू तिसऱ्या बाळाला आई निम्मीच लागते. ते असो. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, हे त्याच दुरुस्तीत आले, आणि बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी कामाच्या वेळेत दोन विराम मिळण्याची तरतूद तर आधीपासूनच आहे. तुमच्या कार्यालयात यातले काय उपलब्ध आहे, ते रुजू होण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही द्यायचे नाही, घुटीही नाही, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यामुळे पाळणाघर नसेल तर दूध काढून ठेवण्याची सवय आतापासूनच करावी लागेल. पण मला खरी चिंता संध्याकाळची वाटते. तुम्ही दार उघडून आत याल आणि घरातले सगळे हात बाळाला तुमच्यापुढे धरतील. ती भुकेने रडत असेल तर प्रश्नच मिटला, तिला घ्या आणि मधल्याला पिशवीसकट शेजारी बसवा. ती झोपलेली किंवा खेळत असेल, तर हातपाय धुऊन आधी त्याच्यापाशी बसा. हे त्याला आधी सांगून ठेवा आणि सासूबाईंनाही सांगून ठेवा, नाहीतर झोपलेले बाळसुद्धा कौतुकाने उठवून तुमच्या हातात देण्यात येईल.

आता तुमच्या रडण्याविषयी. तुमची झोप तुटलेली आहे, अंगावर टाके आहेत आणि तीन मुले तीन बाजूंनी ओढत आहेत, तेव्हा रडू येण्यात नवल नाही. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळपास रोज उदास वाटत असेल, बाळ झोपले असतानाही तुमचा डोळा लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर ते हवापाण्यावर ढकलू नका. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात सांगा. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे. 'माझीच मला भीती वाटली' असे तुम्ही लिहिले आहे. तो एका क्षणाचा राग असेल तर बाळ पाळण्यात ठेवून दोन मिनिटे गॅलरीत जाऊन उभे राहणे पुरेसे आहे. पण स्वतःला किंवा मुलांना काही करावे असे विचार डोक्यात येत असतील, तर एक क्षणही एकट्या राहू नका, नवऱ्याला लगेच सांगा आणि डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतून बोलता येते.

आता तुमची थोरली. 'माझ्याआधी तीच उठते' हे तुम्ही कौतुकाने लिहिले आहे. नऊ वर्षांच्या मुलीला रात्रीची किमान नऊ तास झोप हवी असते, आणि ती इतकी गाढ असते की एरवी तिला शाळेसाठी उठवताना घर दणाणते. आईच्या आधी तिला जाग येते याचा अर्थ ती झोपेतही कान टवकारून आहे. ती पहाऱ्यावर आहे. तिला तिथे कोणी बसवले नाही. आई थकली आहे, भाऊ बिथरला आहे, आजी कावली आहे आणि आता आणखी एकाने काही मागितले तर हे घर पेलायचे नाही, असा हिशेब तिचा तिनेच केला आणि आपले मागणे घडी घालून ठेवून दिले. खो-खोचे तर बघाच. त्या खेळात आठ जणी रांगेत बसून असतात आणि पाठीमागून 'खो' मिळाल्याशिवाय उठायचे नसते, उठले तर तो फाऊल धरतात. ही मुलगी घरात कोणी खो न देताच उठते आहे, आणि आपण तिला टाळ्या वाजवतो आहोत.

मी हे इतक्या ठामपणे लिहिते याचे कारण खासगी आहे. मी चार भावंडांतली थोरली. आठव्या वर्षी पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून, झोका देत देत मी पाढे पाठ करीत असे, आणि येणाराजाणारा 'गुणाची पोर' म्हणून डोक्यावरून हात फिरवी. मला ते फार आवडे. झोका थांबवून खेळायला गेले तर तो हात डोक्यावर येणार नाही, हेही मला तेव्हाच कळले होते. माझ्या आईला यातले काही दिसले नाही. तिच्यामागे इतके होते की जे मूल रडत नव्हते त्याच्याकडे वळून बघायला तिला उसंतच नव्हती, आणि यात तिचा दोष मी आजही मानत नाही. सतरा बाळओव्या मला अजून तोंडपाठ आहेत, पण लगोरीतले माझे गडी कोण होते ते आठवत नाही.

म्हणून तिला 'समजूतदार' म्हणणे काही दिवस थांबवा. सगळी कामे एकदम काढून घेतलीत तर आपल्याला बाजूला सारले असे तिला वाटेल, तेव्हा दिवसातले एखादे हौसेचे काम, बाळाचे कपडे निवडणे किंवा अंगाई म्हणणे, तिला राहू द्या. पण रात्रीचे बाळ हे आई-बाबांचे काम आहे असे तिला बाबांनी स्पष्ट शब्दांत सांगावे आणि तिचे अंथरूण आजीच्या खोलीत हलवावे. पहिल्या एक-दोन रात्री ती तरीही उठून येईल. तेव्हा 'शहाणी गं माझी' म्हणू नका. बाबांनी उठून, तिचा हात धरून, तिला परत नेऊन निजवावे.

तुला राग येतो का, असे विचारलेत तर ती नाही म्हणेल. अशा मुलांना समोर बसवून विचारले की ती आपल्याला बरे वाटेल तेच उत्तर देतात. त्यापेक्षा सकाळी तिची वेणी तुम्ही घाला. सध्या ती आजी घालत असेल किंवा मुलगी स्वतःच कशीबशी पोनी बांधून जात असेल. वेणी घालताना मुलीचा चेहरा आईला दिसत नाही आणि आईचा मुलीला दिसत नाही. केसांत तेलाचा हात फिरत असतो, गुंता निघत असतो, आणि त्या दहा मिनिटांत जे बोलणे निघते ते एरवी महिनाभर निघत नाही. तुम्ही काही विचारू नका, फक्त घाई करू नका. एखाद्या दिवशी ती भावावर खेकसेल, पाटी आपटेल, 'मला नको तुमचं बाळ' म्हणेल. त्या दिवशी घाबरून मला दुसरे पत्र लिहू नका. तो तुमच्या घरातला फार चांगला दिवस असेल.

आणि हे सगळे तुम्ही एकटीने करायचे नाही. साडेआठला घरी येणाऱ्या माणसापाशीही रात्रीचे दोन तास आणि सकाळचा एक तास उरतो, शिवाय शनिवार-रविवार असतोच. मधल्याची अंघोळ आणि रात्रीची गोष्ट, एका रात्रीच्या फेरीत बाळाचे दुपटे बदलणे आणि ढेकर काढणे, ही कामे त्यांच्या नावावर लिहा. 'मदत' हा शब्द त्यात येऊ देऊ नका, कारण मदत करणाऱ्याला कामाची आठवण करून द्यावी लागते. हे पत्र त्यांनाही वाचायला द्या.

खो-खोच्या सरांना आजच फोन करून ती पुन्हा येणार आहे असे कळवा. तिला विचारत बसू नका, ती 'राहू दे' म्हणेल. तिचे बूट माळ्यावर गेले असतील तर काढून बघा. इतक्या दिवसांत ते लहान झाले असतील तर नवे आणावे लागतील, आणि ते आणायला तिच्याबरोबर तुम्ही जा, फक्त तुम्ही दोघी. बाळाला पाजून निघालात तर दीड-दोन तास मिळतात, आणि तेवढ्यात बूट घेऊन उसाचा रसही पिऊन होतो.